हाकणारा, मूठ धरणारी आणि मागून बघणारी

एका संगणकाला तीन माणसं लागतात, असं माझ्या वर्गाचं ठाम मत होतं. मी पुष्कळ समजावलं. पुस्तकातलं चित्र दाखवलं. चित्रात एक गोरागोमटा मुलगा एकटाच संगणकापुढे बसून हसत होता. वर्गाने ते चित्र नीट निरखलं आणि मागच्या बाकावरून निकाल आला, "बाकीचे दोघं पाणी प्यायला गेले असतील, म्याडम."

पैठण रोडवर शहर जिथे दमतं, तिथे आमची शाळा. एका बाजूने कंपनीच्या बसगाड्या जातात, दुसऱ्या बाजूला कापूस उभा असतो, आणि मुलं दोन्हीकडून येतात. नववी-दहावीला व्यवसाय आणि संगणक असा एक जोडविषय होता. पहिल्या अर्ध्या पुस्तकात गिऱ्हाइकाशी कसं बोलावं हे होतं, उरलेल्या अर्ध्यात कोणतं बटन दाबावं हे. तो विषय माझ्याकडे आला, कारण कॉलेजात मी नाटकांत कामं केली होती, माझा आवाज तीन खोल्यांपलीकडे जातो, आणि मुलाखतीत "संगणक येतो का?" या प्रश्नाला मी अशा काही थाटात "हो!" म्हटलं, की पुढचा प्रश्न विचारायची कुणाची छाती झाली नाही.

व्यवसायाच्या तासाला मी खऱ्या अर्थाने फुलायचे. पदर कमरेला खोचून मी गुलमंडीच्या बाजारात भाव पाडणारी मावशी व्हायचे, क्षणात चष्मा नाकावर ओढून "बघायला आलोय, घ्यायला नाही" म्हणणारा पेन्शनर व्हायचे, आणि नेसून झालेली साडी "रंग आवडला नाही" म्हणून परत करणारी वहिनी तर मी अशी करायचे की शेजारचा भूगोलाचा वर्ग दारात येऊन उभा राहायचा. मुलांनी दुकानदार व्हायचं. पुस्तकात लिहिलं होतं, "ग्राहकाचे स्मितहास्याने स्वागत करावे." मी ते वाचून दाखवल्यावर एका मुलीने हात वर केला.

"म्याडम, आमच्याकडं दुकानदार हसला की गिऱ्हाईक म्हणतं, यानं भाव चढवलाय."

"मग काय करायचं?"

"तोंड वाकडं करून बसायचं. मंग त्याला वाटतं, ह्याला परवडंना, म्हंजी माल स्वस्त हाय."

ही गोष्ट याच मुलीची. बिडकीनच्या अलीकडच्या एका वस्तीवरून एसटीने यायची. दोन घट्ट वेण्या, आणि हात कायम पाठीमागे बांधलेले, पाहणीला आलेल्या साहेबासारखे. तिच्या चुलत्यांचं बिडकीनला खत-बियाण्याचं दुकान होतं, आणि व्यापाराचं ज्ञान तिला तिथल्या पोत्यांवर बसून मिळालेलं होतं.

आता संगणकाचा तास. आमच्या संगणक कक्षात चपला बाहेर काढाव्या लागत. यंत्रांवर आधीच्या कुठल्या तरी तुकडीतल्या मुलींनी भरतकाम केलेली आवरणं होती. कुणावर मोर, कुणावर 'सुस्वागतम'. संगणक बरेच होते, चालणारे थोडे. बाकीचे मोराखाली विश्रांती घेत. मुख्याध्यापक त्यांना "बंद" म्हणू देत नसत. "सध्या चालू नाहीत, असं म्हणा," ते सांगत. त्यामुळे एकेका यंत्राला तिघं आले आणि तिघांनी आपापसात कामं वाटून घेतली. एकाने माउस धरायचा. एकीने बटनं दाबायची. तिसऱ्याने मागे उभं राहून सांगायचं.

"असं कुणी शिकवलं तुम्हाला?" मी एकदा विचारलं.

"शिकवायचं काय त्याच्यात?" हात मागे बांधलेली म्हणाली. "तिफणीला किती माणसं लागत्यात? एक बैल हाकणारा, एक चाड्यावर बियाची मूठ धरणारी, आन् एक मागून बघणारं, दाणा पडला का ओळ वाकडी गेली. हे बी तसंच हाय."

"अगं, आता पेरणी ट्रॅक्टरनं करतात."

"ट्रॅक्टरच्या मागं बी एक जण बसतोच की, म्याडम."

मी पुस्तकाचं पान उलटलं. नाटकात एक गोष्ट शिकले होते: समोरच्याचं वाक्य पडदा पाडण्यासारखं असलं, तर आपण पडदा पाडावा.

तिच्या तिफणीवर हाकणारा होता एका रिक्षावाल्याचा मुलगा. घरी दख्खनी बोलणारा, हाताने विलक्षण हलका. माउस तो असा धरायचा जणू हातात कबुतर आहे. मूठ धरणारी होती एक अबोल मुलगी, जिची बोटं बटनांवर मुसळधार पडायची. आणि मागून बघणारी ही. तिने आजवर यंत्राला बोट लावलेलं नव्हतं, पण त्याच्या पोटात काय कुठे आहे हे तिला तोंडपाठ होतं. तिचा आवाज कक्षभर ऐकू यायचा.

"खाली घे. अजून खाली. थांब! आता उजवीकडं. तू टाक गं, भाव टाक. गुणिले. अगं, आधी बरोबरचं चिन्ह! एंटर. झालं. सरक."

भावपत्रक, बिल, मालाचा तक्ता, सगळं तिच्या तिफणीवरून सरळ ओळीत निघायचं. मुख्याध्यापक पाहुण्यांना मुद्दाम त्यांच्याकडे आणायचे आणि अभिमानाने म्हणायचे, "बघा, सांघिक भावना!"

मग दहावीच्या वर्षी निरोप आला, की प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचा परीक्षक येणार आहे आणि प्रत्येक विद्यार्थ्याने यंत्रावर एकट्याने काम करून दाखवायचं आहे. एकट्याने! सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी त्यांना एका पायावर पैठणपर्यंत चालत जायला सांगितलं होतं.

"मै एकला कैसा करूं, म्याडम?" माउसवाला म्हणाला. "मेरेकू माउसइच आता, बाकी कुछ नै."

"शिकशील."

"हौ, शिकूंगा. लेकिन इस जनम में?"

आम्ही सराव सुरू केला आणि मी आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात चांगलं विनोदी नाटक माझ्यासमोर रोज फुकट होऊ लागलं. माउसवाल्याला कीबोर्डवर आपल्या नावातलं पहिलं अक्षर सापडेपर्यंत घंटा व्हायची. बटनवालीने माउस हातात घेतला तो थेट हवेत उचलला आणि टीव्हीच्या रिमोटसारखा पडद्यावर रोखला. पण माझी मागून बघणारी त्याहून पुढची निघाली. खुर्चीत बसली की तिचा चेहराच बदलायचा.

"काय झालं?"

"बसलं की मला काय दिसंना, म्याडम. उभं राहिलं की सगळं दिसतं."

आणि बटन! ती बटन दाबायची नाही, बटनावर उभी राहायची. एका अक्षराची पडद्यावर मालगाडी सुटायची. "बोट उचल!" मी ओरडायचे. ती घाबरून आणखी जोरात दाबायची. मालगाडी पुढच्या ओळीवर जायची.

मला हसू आवरत नव्हतं, पण तिला हसू येत नव्हतं, आणि त्याचं कारण एके दिवशी स्वतः शाळेत चालत आलं. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोटात जाड अंगठी, अंगाला खताच्या पोत्यांचा वास. तिचे चुलते.

"म्याडम, नमस्कार. माझी पुतणी तुमच्याकडं हाय."

"हो, हुशार आहे."

"ते तोंडानं हाय. ते मला म्हाईतंय." खुर्चीच्या टोकावर बसत ते म्हणाले. "मी दसऱ्याला दुकानात काम्प्युटर आणलाय. पूजा केली, हार घातला. हार वाळून गेला, पर अजून चालू केला नाय. शहरातल्या एका पोराला बोलून ठेवलंय, तो येऊन बसंल. आता ही म्हणायली, मी बसते. घरात सगळे म्हणायलेत, पोरगी दुकानात बसंल तर लोक काय म्हणतील. मी म्हणलं, लोकांचं मी बघतो, पर मशीनचं काय? तिला म्हणलं, शाळेतून कागद आण, पास झाल्याचा. कागद आला तर खुर्ची तुझी. नाय तर शहरातला पोरगा."

"होईल ती पास."

"तेच सांगायला आलोय." त्यांनी आवाज खाली आणला. "तुमचा जीव हाय तिच्यावर, दिसतंय मला. नापास केली तरी माझी ना नाय. पर खोटं पास करू नका. मशीन नवं हाय, म्याडम."

खिडकीबाहेर हात मागे बांधून ती उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. चुलते निघताना तिच्याकडे न बघता म्हणाले, "चल गं, एसटी चुकंल." ती म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं, मी सराव करून येते." आणि त्या दिवशी ती कक्षात एकटी बसली. मी दारातून पाहत होते. मालगाड्या सुटत होत्या.

बाकी दोघांचं मी बघून घेतलं. कसं, ते विचारू नका. एवढंच सांगते की संगणकात पडद्यावरच एक कीबोर्ड काढता येतो आणि त्याची अक्षरं माउसने टिचकी मारून लिहिता येतात. आणि माउसला हातही न लावता नुसत्या बटनांनी या रकान्यातून त्या रकान्यात उड्या मारता येतात. या दोन गोष्टी या दोन मुलांना परीक्षेच्या आधी कुणी तरी सांगितल्या. ते कुणी तरी मी होते, असं आजतागायत कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. पण मागून बघणारीसाठी माझ्या पोतडीत काही नव्हतं. नुसत्या तोंडाने चालणारा संगणक आमच्याकडे नव्हता.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक स्कूटरवर आले. काटकुळे, डोक्याला रुमाल, भुवयांवर पैठण रोडची धूळ. हसायचं नाही असं ठरवून आलेले. मुख्याध्यापकांनी त्यांच्यासाठी सगळ्या यंत्रांवरची आवरणं काढून ठेवली होती, चालू नसलेल्यांवरचीसुद्धा, म्हणजे कक्ष भरलेला दिसावा. मला ताकीद मिळाली: दारात उभं राहायचं, आत यायचं नाही, बोलायचं नाही. मला, बोलायचं नाही! मी तोंडावर पदर धरला आणि उभी राहिले.

माउसवाला आला. परीक्षकांनी बिल बनवायला सांगितलं. त्याने कीबोर्ड अदबीने बाजूला सरकवला, पडद्यावरचा कीबोर्ड काढला आणि टिचक्या मारत अख्खं बिल लिहिलं. परीक्षक वाकून बघत राहिले.

"अरे, समोर कीबोर्ड आहे ना?"

"है ना सर. साफ रखा है."

मग बटनवाली. तिने माउस उचलला, उलटा करून टेबलाच्या कोपऱ्यात ठेवला आणि मुसळधार सुरू केली. परीक्षकांना एक शब्द बोलायची संधी मिळायच्या आत बिल तयार. परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. छताला एक पंखा होता, तो फार सुंदर वाटला मला त्या क्षणी.

मग ती.

आधी व्यवसायाचा भाग. टेबलावर दुकान मांडलेलं होतं: साबण, वह्या, काडीपेट्या, खडूचे डबे. ती दुकानदार, परीक्षक गिऱ्हाईक. त्यांनी साबण उचलला, वास घेतला, खाली ठेवला. "महाग आहे. पुढच्या दुकानात बघतो," म्हणाले आणि वळले. आधीच्या मुलांशी त्यांनी हेच केलं होतं आणि मुलं पाठ केलेलं "धन्यवाद, पुन्हा या" म्हणाली होती.

"सर," ती म्हणाली, "अजून बोहनी व्हायचीय."

परीक्षक थांबले. आमच्याकडे सकाळचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं तर दुकानाचा दिवस वाया जातो, हे लहान मूलही जाणतं. परीक्षक कितीही कडक असले तरी आमच्याकडचेच होते.

"मग? मी साबण घेतलाच पाहिजे का?"

"नाय सर. साबण ठेवा. तुम्हाला महाग वाटला, तुमचं बी बरोबर हाय. पर असं रिकामं जाऊ नका. काडीपेटी न्या. देवापुढं दिवा लावायला कामाला येईल."

"ही खोटी परीक्षा आहे, बाळ. खरं दुकान नाही."

"दुकान खोटं हाय, सर. बोहनी खोटी नसती."

आणि देवाशपथ सांगते, त्या माणसाने खिशात हात घातला आणि खरंखुरं नाणं काढलं. तिने ते दोन्ही हातांनी घेतलं, डोळ्यांना लावलं आणि टेबलाच्या कडेला टेकवून ठेवलं. परीक्षकांच्या मागे उभ्या मुख्याध्यापकांनी नकळत हात जोडले. परीक्षकांनी काडीपेटी खिशात टाकली, घसा खाकरला आणि म्हणाले, "ठीक. आता या खरेदीचं बिल कर. यंत्रावर."

ती खुर्चीत बसली. तिचा चेहरा उतरला. बोट बटनावर ठेवलं आणि पहिली मालगाडी सुटली.

मी पदर चावला.

तिने बोट काढलं. उभी राहिली. "सर, उभं राहून केलं तर चालंल का? बसलं की दिसंना मला."

"चालेल."

ती खुर्चीच्या मागे जाऊन उभी राहिली. हात आपोआप पाठीमागे गेले आणि डोळ्यांत पुन्हा जीव आला. समोर रिकामी खुर्ची, रिकामा माउस, रिकामी बटनं. माणसाच्या सवयीची काय ताकद असते, ते मी त्या दिवशी पाहिलं.

"सर," ती अगदी नम्रपणे म्हणाली, "बिलावर तुमचं नाव टाकायचंय. माझ्या हातून चुकलं तर अपमान व्हायचा. तेवढं तुम्ही टाकता का?"

परीक्षक बसले! नाव टाकायलाच बसले. मी शपथेवर सांगते, नावापुरतेच.

"झालं? आता एंटर. मोठे सर, तुम्ही जरा माउस धरा ना, सरांचा हात पोचंना."

मुख्याध्यापकांनी आयुष्यात यंत्राची फक्त धूळ पुसली होती. त्यांनी दोन्ही हातांनी माउस धरला.

"एका हातानं, सर. खाली घ्या. अजून खाली. थांबा! लई पुढं गेलात. माघारी या. हां. दाबा. आता परीक्षक सर, तुम्ही 'काडीपेटी' लिहा. पुढच्या घरात एक. त्याच्या पुढं भाव. बरोबरचं चिन्ह आधी, सर. आधी! हां. एंटर. मोठे सर, वर न्या. वर, वर, छापायचं चित्र हाय बघा. दाबा."

कोपऱ्यातला प्रिंटर कण्हला, थांबला, विचारात पडला आणि त्याने एक कागद बाहेर टाकला. परीक्षकांनी तो हातात घेतला. त्यावर त्यांचं नाव होतं, एक काडीपेटी होती, बेरीज होती, सगळं सरळ ओळीत. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान दिसलं. आणि मग, हळूहळू, दुसरंच काही तरी.

"पण हे तर... मी केलं."

"व्हय सर," ती म्हणाली. "चांगलं केलंत."

बाहेर खिडकीला लटकलेली सगळी दहावी फुटली. मी पदराआड अशी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. फक्त ती हसली नाही, आणि परीक्षक हसले नाहीत. त्यांनी कागद घडी करून काडीपेटीच्या खिशात ठेवला, उठले आणि शांतपणे म्हणाले, "दुकानाचे गुण तुला पूर्ण दिले. पण यंत्राचे कशाचे देऊ? तू त्याला हातच लावला नाहीस. मी तुला पास केलं आणि उद्या कुणी तुला एकटीला बसवलं, तर?"

हे चुलत्यांचंच वाक्य होतं, फक्त शुद्ध मराठीत. तिलाही ते कळलं. खिडकीतलं हसू बंद झालं.

"पुन्हा कर," परीक्षक म्हणाले. त्यांनी बिल पडद्यावरून घालवलं. "उभी राहून कर, कशीही कर. पण इथं दुसरं कुणी नाही असं समज."

तिने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग तिने उजवा हात पाठीमागून सोडवला. डावा तसाच ठेवला, मागे. आणि मोठ्याने, माउसवाल्यावर ओरडायची त्याच आवाजात म्हणाली:

"खाली घे."

हात खाली गेला.

"अजून खाली. थांब! कुठं चाललास? माघारी ये. हां. दाब."

दाबलं.

"आता नाव लिही. एक बोट. बाकीची मिट. दाब... उचल! उचल की, बोट काय चिकटलंय का तुझं? हां. आता दुसरं. उचल. मुकाट्यानं उचल."

ती स्वतःच्या हाताला असं झापत होती की मला त्या हाताची दया आली. मालगाडी एकदाही सुटली नाही असं नाही, सुटली, पण सुटली की ती "बघ, झाली ना घाण? पूस!" म्हणायची आणि हात निमूट पुसायचा. खिडकीतून माउसवाला ओठ हलवत होता, बटनवालीची बोटं गजावर नाचत होती, मुख्याध्यापक "अजून खाली, अजून खाली" असं पुटपुटत होते, आणि मी, बोलायची बंदी असलेली मी, दारात उभी राहून हवेत एंटर दाबत होते. एक माणूस काम करत होता आणि सगळी शाळा मागून बघत होती.

प्रिंटर पुन्हा कण्हला. या वेळी त्यानेही फार विचार केला नाही.

परीक्षकांनी पहिला कागद खिशातून काढून दुसरा त्याच्याशेजारी धरला. नावात एक काना जास्तीचा होता. त्यांनी पेनने तो खोडला आणि म्हणाले, "माझं नाव तसंही कुणी नीट लिहीत नाही." मग गुण दिले. फार नाही दिले, पण खोटेही दिले नाहीत. जाताना स्कूटरला किक मारता मारता त्यांनी मला विचारलं, "मॅडम, तो पडद्यावरचा कीबोर्ड कुणी शिकवला?"

"मुलं हल्ली कुठून काय शिकतील, सर!" मी म्हणाले, आणि एवढ्या निरागसपणे म्हणाले की त्या एका वाक्यासाठी मला बक्षीस मिळायला हवं होतं.

निकालानंतर पुढच्या मोसमात मी मुद्दाम बिडकीनला गेले. म्हणजे गॅलरीतल्या कुंड्यांसाठी झेंडूचं बी आणायला गेले. झेंडूचं बी शहरातही मिळतं, ही गोष्ट वेगळी. नव्या औद्योगिक वसाहतीच्या रुंद रस्त्यावरून एसटी जात होती आणि त्या रस्त्यावर दिव्यांच्या खांबांखाली शेळ्या आरामात बसल्या होत्या. दुकान शोधावं लागलं नाही. आवाज लांबूनच आला.

"खाली घ्या, काका. अजून खाली. थांबा!"

आत संगणक चालू होता. वाळका हार अजून त्याच्या डोक्यावर होता, बहुधा काढायची हिंमत कुणाला होत नसावी. माउस धरून, कपाळाला आठ्या घालून, जाड अंगठीचा हात अवघडून चुलते बसले होते. आणि त्यांच्या मागे, हात पाठीमागे बांधून, ती.

चुलत्यांनी मला पाहिलं आणि बुडत्याने फांदी बघावी तसे हसले. "या म्याडम, या. सकाळधरनं ओरडायली ही माझ्यावर."

"अगं," मी तिला म्हणाले, "तुला तर एकटीला येतं की आता. मग यांना कशाला छळतेस?"

"येतं की, म्याडम. पर माणसं रिकामी बसलेली बघवत नाय मला." तिने चुलत्यांच्या शेजारची रिकामी खुर्ची ओढली आणि हाताने झटकली. "बरं झालं आलात. काय पायजे?"

"झेंडूचं बी. पण बघते हं आधी, महाग असलं तर..."

मी माझी ठेवणीतली गुलमंडीवरची मावशी काढली होती. पदर खोचायला हात कमरेपर्यंत गेलाही होता. तिने मला पुढे बोलूच दिलं नाही.

"बोहनी व्हायचीय अजून," ती म्हणाली. "बसा. बिलावर नाव तुमचं तुम्हीच टाका."

मी बसले. दुसरं काय करणार? चुलत्यांनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहत जरा जागा करून दिली. मी पहिल्या बटनावर बोट ठेवलं आणि पाठीमागून माझ्याच शिकवणीतला, माझ्याच पट्टीतला आवाज आला:

"बोट उचला, म्याडम."